हौसाच्या फोटोसाठी चार दिवस

हौसानं आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे आम्ही गोधडी पिळली. घट बसायच्या आधी आमच्याकडे घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघतं. पाटाला पाणी आलं होतं. एका टोकाला ती, एका टोकाला मी. ओली गोधडी एकट्यानं पिळता येत नाही, दोघांनी उलट्या बाजूंनी पीळ द्यावा लागतो. निम्मा पीळ झाला आणि ही बाई टोक सोडून पळाली. गोधडी चिखलात. बघतो तर कमरेचा फोन काढून वाकलेली. माझ्या घमेल्यात शेजारणीचं करडू जाऊन बसलं होतं.

"याड लागलंय का तुला?"

"आवं, त्येचं त्वांड तर बघा. सरपंच बसल्यागत बसलंय."

मी बघितलं नाही. गोधडी परत धुतली. त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी हौसा उठलीच नाही.

मी गवंडी माणूस. चौथीपर्यंत शाळा. कवठे महांकाळपासून दोन कोसावर आमचं गाव. शेचाळीस वर्षं संसार झाला, त्यातली पंचवीस वर्षं मी भिंतीवर आणि ती खाली, डोक्यावर मालाची पाटी घेऊन. थोरल्यानं, दत्तानं, तिला फोन दिला होता. फोनवर बोलायचं सोडून ती फोटोच काढायची. कशाचेही. दाराला लावलेला तुटका चमचा. सायकलच्या सीटवर झोपलेलं मांजर. मी म्हणायचो, ह्यात काय बघायचंय? ती पुढचा काढायची.

ती गेली आणि चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा म्हणून पोरं फोटो शोधायला लागली. फोटो नव्हता. फोनमध्ये अकराशे फोटो, त्यात ती स्वतः एकात नाही. शेवटी आधार कार्डावरचं तोंड घेतलं आणि स्टुडिओवाल्यानं त्याच्या कॉम्प्युटरमधलं एक धड त्याला खाली जोडलं. हिरवी पैठणी, गळ्यात ठुशी, लांब मान. हौसाला मान अशी नव्हतीच. पाट्या वाहून वाहून ती खांद्यात बसली होती. दहाव्याला आलेल्या बायका फ्लेक्सखाली उभ्या राहून विचारत होत्या, "ह्या कोन वो?"

तोच फोटो फ्रेम करून, चंदनाचा हार घालून, पोरांनी सोप्यात लावला. मग दोन-तीन महिन्यांनी शेजारच्या गावात एका बाईच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स बघितला. तेच धड. तीच हिरवी पैठणी, तीच ठुशी, पदराची तीच चुणी. तोंड दुसरं.

त्या दिवसापासून आमच्या सोप्यातल्या बाईला मी परकी बाई म्हणतो.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसं मी ठरवलं, की त्या दिवशी पाटावर पुजायला हौसाचा, तिच्या स्वतःच्या धडावरचा फोटो पाहिजे. तिनं स्वतःचा काढला नाही, पण दुसऱ्या कुणाच्या तरी फोटोत ती आली असेलच की. शेवटच्या काही वर्षांत ती दोनच ठिकाणी राहायला गेली होती. शिराळ्याला थोरल्या बहिणीकडे आणि लोणंदला भाचीकडे. म्हटलं, जाऊन बघतो.

"आबा, आता ह्या वयात कुठं हिंडताय?" दत्ता म्हणाला. "मी फोन करून इचारतो की."

"फोनवर म्हणतील न्हाई. घरात जाऊन बसलं की पेट्या उघडत्यात."

"आवं, हाय त्यालाच आई समजा."

"तू समज."

सून सुरेखा मात्र शहाणी. तिनं हौसाचा फोन भरून दिला, कुठं दाबायचं ते दाखवलं. म्हणाली, "आबा, रोज एकतरी फोटू काढा. म्हंजे बटन इसरनार न्हाई." पारावर लोक विचारतात, कुठं गेला होतास, काय बघितलंस. आमच्यातली निम्मी माणसं सांगलीच्या पुढं गेलेली नाहीत. त्यांना एकदाच सांगतो म्हणून हे वहीत लिहिलं.

सांगली

शिराळ्याची गाडी तासाभरानं होती. भडंगाचा पुडा घेतला, बाकड्यावर बसलो आणि सुरेखानं सांगितलं तसं बटण दाबलं. फोनमधून एक म्हातारा माझ्याकडे बघायला लागला. नाकात केस, गालात भडंग. अर्धं मिनिट मला कळलं नाही हा कोण. शेजारच्या पोरीनं कॅमेरा उलटा करून दिला.

स्टँडवर बाकडी सगळी भरलेली. मधोमध मात्र एक गडी लाल प्लास्टिकच्या खुर्चीत पायावर पाय टाकून बसलेला. खुर्ची नवीकोरी, पायांना कागद गुंडाळलेला. घरी न्यायला विकत घेतली असणार आणि तिथंच वापरात काढली. गाडी लागली की खुर्ची उचलायचा, पाटी वाचायचा, आपली नाही असं बघून परत मांडून बसायचा. हौसा असती तर तिनं टोक सोडलंच असतं. मी फोन वर धरला. आता माझी खोड अशी, की कुठलीही चौकट हातात आली की मी आधी ती ओळंब्यात आहे का बघतो. खांब सरळ घेतला, फरशीची रेघ सरळ घेतली, मग बटण दाबलं. तोवर गडी उठून गेला. फोटोत सरळ खांब, सरळ फरशी आणि एका माणसाचं ढुंगण.

पुढं तो शिराळ्याच्याच गाडीत निघाला. कंडक्टर दारातच आडवा.

"खुर्चीचं तिकीट?"

"मांडीवर घेतो की ओ."

"आन् तुमी कुठं बसनार?"

"सीटवर."

"मंग खुर्ची आनलीया कशाला?"

अख्खी गाडी हसली. सरकार मला अर्ध्या तिकिटात नेतं, पण ही करमणूक मात्र पुरी मिळाली. हौसा गेल्यापासून मी गाडीत बसून हसलो तो हा पहिला दिवस.

शिराळा

आमच्याकडे ढग येतात आणि बघून जातात. पेठ नाका सोडला आणि पाऊस गाडीत शिरायला लागला. खिडकीला काच नव्हती, लाल खुर्चीवाल्यानं खुर्ची आडवी धरून दोघांना आडोसा केला. तेव्हा तिचा उपयोग कळला.

आमच्याकडची घरं धाब्याची, सपाट. वर मिरच्या वाळत घालायच्या, झोपायचं. इथं सगळी उतरती कौलं. पाणी एका जागी थांबू द्यायचं नाही हा हिशोब. भिंतीला बाहेरून झावळ्या नाहीतर पत्रे बांधलेले, ओल येऊ नये म्हणून. मी तासभर नुसत्या भिंतीच बघत हिंडलो. नागपंचमी होऊन आठवडा झाला होता, तरी झाडांना झोके तसेच लोंबत होते. एका झोक्यावर कोंबडी बसली होती, वाऱ्यानं हलत. मी फोन काढला. ओळंबा विसरलो. फोटो तिरका आला, पण कोंबडी आली.

हौसाची बहीण तानूअक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. दारातच तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"लय वाळलाया, पाव्हणं. जेवत न्हाई काय?"

"जेवतो की."

"काय जेवताया ते दिसतंया."

तिनं भात वाढला. आमटी-भात, वर सुकटीची चटणी. आम्ही ज्वारीची माणसं, आमच्याकडे भात शेवटी घासभर घेतात, नाहीतर आजारी माणसाला देतात. इथं भाताचाच डोंगर. दोनदा वाढला. मी भाकरी मागितली तर अक्का म्हणाली, "भाकरी उद्या. भाकरी हवी हुती तर आधी कळवायचं." कळवलं होतं, पण बोललो नाही. कारण सांगू? भात चांगला होता.

जेवून झाल्यावर मी कामाचं काढलं. हौसाचा फोटो आहे का?

अक्का म्हणाली, "शेचाळीस वर्सं बायकोसंगं ऱ्हायलासा. तुमी एक न्हाई काढला?"

"माझ्याकडं कुठं कॅमेरा हुता?"

"तीन वर्सं फोन घरात हुता. आन् डोळं तर आधीपासनं हुतं की."

ती म्हणाली तसंच लिहून ठेवतो.

तिनं पत्र्याची पेटी ओढली. मुलाच्या लग्नाचा अल्बम निघाला. प्रत्येक फोटोत हौसा शोधली. एका पंगतीच्या फोटोत वाढणारीचा हात होता, कोपरापर्यंत. हिरव्या बांगड्या आणि मनगटाला चुन्यानं खाल्ल्याचा डाग. हात तिचाच. पण हाताची पूजा कशी करणार? सगळ्यात तळाला, कागदात गुंडाळलेला, एक जुना फोटो निघाला. जत्रेतल्या पडद्यापुढं दोन मुली उभ्या, मागं रंगवलेलं विमान. डावीकडची अक्का. उजवीकडं पंधरा-सोळा वर्षांची हौसा, दोन वेण्या, डोळे फोटोवाल्यावर रोखलेले.

"घ्या ह्यो," अक्का म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

मी लय वेळ बघितला. गोड पोरगी. पण खरं सांगायचं तर मी तिला ओळखत नव्हतो. ती माझ्या घरात यायच्या आधीची. माझी हौसा म्हणजे पायाला भेगा, तोंडात पान आणि खांद्यात बसलेली मान. मी फोटो परत कागदात गुंडाळला आणि अक्काच्या हातात दिला. "ही तुमची हाय, अक्का. माजी न्हवं." तिला राग आला असं वाटलं. पण तिनं फोटो छातीशी धरला, पेटीत टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हौसाच्या फोनमधले शिराळ्याचे फोटो तिला दाखवले. अक्काला वाटलं होतं नागाची मूर्ती असेल, देऊळ असेल. निघालं काय? अक्काच्या मोरीतला फुटका डेरा आणि त्यात उगवलेलं कारलं. शेजारच्या कुंभारानं गणपतीच्या सोंडा वाळत घातलेल्या, नुसत्या सोंडा, तीस-चाळीस, फळीवर ओळीनं. अक्काच्या दाराची कडी, तिच्यात अडकवलेला पेन्सिलचा तुकडा.

"आगं बया! ही कडी माजीच!" अक्का उठून दाराशी गेली. पेन्सिल अजून होती. "ही कवा अडकावली वो? आन् कुनी?" घरातल्या कुणालाच सांगता येईना. सून म्हणे धाकट्यानं, धाकटा म्हणे सुनेनं. अर्धा तास त्या पेन्सिलीवरून भांडण चाललं आणि कारण नसताना सगळे हसत होते. वर्षानुवर्षं दार उघडतात आणि एकानंही बघितलं नव्हतं.

मग मी एकटाच बाहेर पडलो, तिच्या फोटोतल्या जागा हुडकत. पेठेच्या मागं एक घर सापडलं. त्याला चार खिडक्या. तीन खऱ्या आणि एक रंगवलेली. आतल्या बाजूला जिना असणार, खिडकी घेता आली नाही म्हणून गवंड्यानं जोडीला जोड म्हणून रंगानं काढली, गज आणि पडद्यासकट. मी असली लबाडी आयुष्यात दोनदा केली आहे, पण ह्या माणसानं पडद्याला वारा लागलेला दाखवला होता. हौसाच्या फोटोत त्या खोट्या खिडकीपुढं एक चिमणी पंख फडफडवत होती, आत शिरायला बघत. मी वीस मिनिटं थांबलो. चिमणी आली नाही. आली एक बाई, खऱ्या खिडकीतून डोकावून म्हणाली, "काय बघतायसा?" मी म्हटलं, "तुमची खिडकी." म्हणाली, "गेल्या वर्सी बी एक मावशी अशीच बघत उभी हुती. च्या पाजला मी तिला."

"ती माजी बायको."

"मंग या, तुमी बी घ्या."

चहा पाणचट होता. पण ज्या पाटावर हौसा बसली असणार त्यावर मी बसलो. तिचा फोटो त्या बाईंकडेही नव्हता. "त्याच आमचे काढत हुत्या," म्हणाल्या.

सातारा

शिराळ्याहून कराड, कराडहून सातारा. साताऱ्याला उतरलो तेव्हा बाहेर भुरभूर चाललेली. स्टँडच्या बाहेर एक बाई कणसं भाजत बसली होती. डोक्यावर छत्रीचा नुसता सांगाडा, त्यावर जुना फ्लेक्स कापून बांधलेला. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा असणार. कापताना नेत्याचं तोंड उभं फाटलेलं, आणि बाईच्या बरोबर डोक्यावर एक डोळा आणि अर्धी मिशी. मी ओळंबा-बिळंबा न बघता धडाधड दोन फोटो काढले.

"ओ बाबा! कुनाचा फोटू काढताय?" बाई तडकली. गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. शेजारचा रिक्षावाला उठला.

"तुमचा न्हाई. छत्रीचा."

"छत्रीत काय सोनं लागलंय?"

"मिशी हाय."

"काय हाय?"

"मिशी. वर बघा की."

तिनं मान वर केली. बघितलं. आधी हातातला पंखा थांबला, मग ती अशी हसायला लागली की कणीस निखाऱ्यात पडलं. "पावसाळा सुरू झाल्यापासनं ह्येच्या मिशीखाली बसलीया मी! आन् एक बी मेला बोलला न्हाई!" रिक्षावाल्याला म्हणाली, "तुला दिसत न्हवती व्हय रं?"

"मला वाटलं तुला ठावं हाय."

मग म्हणाली, माझापण एक काढा. पदर सारखा केला, केस दाबले, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि श्वास रोखून अशी बसली की जणू पोलिसांनी पकडून आणली आहे. मी काढला, दाखवला. तिलाच पटेना. "ही मी न्हाई," म्हणाली. आधीच्या दोनपैकी दुसऱ्या फोटोत खाली एका कडेला तीही आली होती, तोंड रागानं वाकडं, हात वर. तो बघून म्हणाली, "ही मी. पाठवा ह्यो माझ्या पोरीला."

त्या एका वाक्यानं मला कळलं मी काय शोधतोय. उभी राहून, पदर घेऊन काढलेला हौसाचा फोटो मिळाला असता तरी माझं समाधान झालं नसतं.

पाठवायला गेलो तेवढ्यात फोन काळा पडला. दाबलं, हलवलं, काही नाही. अकराशे फोटो. ती गेली, आता तिनं बघितलेलंही गेलं. कणीसवाल्या बाईनं माझा हात धरून समोरच्या दुकानात नेलं. दुकानदारानं फोन बघितला.

"मेला का?" मी विचारलं.

"मेला न्हाई, आजोबा. उपाशी हाय."

तीन दिवसांत फोनला खायला घालायचं मी विसरलो होतो. सुरेखानं वायर पिशवीत घालून दिलेली, तीही बाहेर काढली नव्हती. दहा मिनिटांनी पडद्यावर घमेल्यातलं करडू दिसलं आणि माझा जीव खाली बसला.

लोणंद

शोभा म्हणजे हौसाच्या भावाची लेक. नवरा विलास कारखान्यात कामाला. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आत शिरल्या शिरल्या मी भिंतीवर टिचकी मारली. शोभा म्हणाली, "मामा, आल्या आल्या भिंत नका ओ तपासू. आम्हाला राह्यचंय हितं." भिंत चार इंचीच होती, अर्ध्या विटेची.

जेवायला बाजरीची भाकरी, वांगं आणि फोडलेला कांदा. कांदा लोणंदचाच. आमच्याकडे जेवताना कांदा तोंडी लावतात, इथं कांद्याला बाकीचं तोंडी लावतात असं वाटलं. मी तीन भाकरी खाल्ल्या. शिराळ्याचा भात त्या दिवशी भरून निघाला.

शोभाचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा हौसा हिवाळ्यात पंधरा दिवस इथं होती. मी विचारलं तसं शोभा म्हणाली, "आत्याचा फोटो? ती थांबायचीच नाही ओ. कॅमेरा वर केला की ही दाराआड." विलास मात्र फोन काढून सरकवत बसला. बाळाचे फोटो, बाळाचे फोटो, परत बाळाचे. मी तीन दिवस एसटीत हाडं मोडून घेतली होती ती ह्यासाठी. मी त्याच्या बोटाकडे बघत बसलो.

"हा बघा, मामा," विलास म्हणाला. "हा बाळाचा आहे. पण मागं बघा."

कांद्याचा बाजार. पुढं शोभाच्या कडेवर टोपरं घातलेलं बाळ. मागं कांद्याचा ढीग आणि ढिगाच्या कडेला गोणीवर बसलेली हौसा. विलासनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. डोक्यावरचा पदर घसरलेला. एक चप्पल पायात, एक बाजूला. कानाला फोन. तोंड उघडून हसतेय, डोळे मिटायला आलेत. पुढचा पडलेला दात दिसतोय. तो दात पडल्यापासून ती चारचौघांत तोंडावर पदर धरूनच हसायची. इथं हात रिकामा नव्हता आणि तिला भान नव्हतं. मान खांद्यात बसलेली.

मी फोन हातात घेतला.

"कुनासंगं बोलतीया?" मी विचारलं.

शोभानं विलासकडे बघितलं. "मामा, तुमच्याशीच की! आठवत नाही? तुम्ही ओरडत होता, कांदं घेऊ नगंस, घरात पोतंभर हाय. आणि ती ज्या गोणीवर बसली होती ना, ती तिनं आधीच घेतलेली होती."

आठवलं. मी शेतात होतो, दत्ताच्या फोनवर बोलत होतो. लोणंदहून इथवर कांदा वाहून आणतेस, अक्कल आहे का, असं काहीतरी बोललो आणि फोन ठेवला. गोणी घरी आली तेव्हा पुन्हा बोललो. फोनमध्ये ती हसत होती हे मला ऐकू आलं नव्हतं. आलं असेल तर मी ऐकलं नव्हतं. मला वाटत होतं अलीकडे ही माझ्यावर हसत नाही, नुसती ऐकून घेते.

"आत्या लय हसत होती त्या दिवशी," शोभा म्हणाली. "म्हणाली, तुझ्या मामाला चिडवायला गोणीचं वजन काहीच नाही."

विलासनं फोटो पाठवला. माझ्या खिशात टिंग वाजलं. तिच्याच फोनवर तिचा फोटो आला.

घर

परतीच्या गाडीत मी झोपलो, त्यामुळं सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तालुक्याला त्याच स्टुडिओत गेलो. माणूस चांगला आहे, कामसू आहे, पण त्याचा हात थांबत नाही. फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि लगेच म्हणाला, "आबा, काळजी नको. फोन काढून टाकतो, हात खाली घेतो. पदर डोक्यावर देतो. दात बसवतो. मागचा कांदा काढून निळं आभाळ टाकतो."

"काय काढायचं न्हाई."

"आबा, श्रद्धांजलीच्या फोटोत कानाला फोन? लोकं काय म्हनतील?"

"गड्या, मागच्या येळी तू तिचं धड बदललंस. आता हात कापतूस व्हय? बाळ तेवढं कडंला घे, बाकी हात लावू नगंस."

"निदान रंग थोडा उजळ…"

"ती काळीच हुती."

मी त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसलो. कॉम्प्युटरच्या उंदरावर त्याचा हात गेला की मी खाकरायचो. छापून निघेपर्यंत उठलो नाही. काचेत बसवून, वर्तमानपत्रात गुंडाळून, मांडीवर घेऊन घरी आलो.

दत्तानं कागद उघडला आणि त्याचं तोंड पडलं. "आबा, ह्यो पाटावर ठेवायचा? पाव्हनं हसतील."

"हसू देत. तीबी हसतीयाच."

"आईला दात दिसल्याला आवडायचा न्हाई. तुमाला ठावं हाय."

हे त्याचं खरं होतं. मी त्यावर येताना गाडीत जाग आल्यावर विचार केला होता. तिला आवडलं नसतं. मी तिला विचारू शकत नाही. जे विचारू शकत नाही ते कुणीतरी ठरवावं लागतं.

"मला आवडायचा," मी म्हणालो. "आन् भिंत मी बांधलीया."

परकी बाई खाली उतरवली. तोंड तरी हौसाचंच, म्हणून पायदळी जाऊ नये अशी कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. त्या खिळ्यावर नवा फोटो लावला नाही, तो लय उंच होता, मान वर करून बघावं लागायचं. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, जेवायला बसलं की समोर येईल असा नवा खिळा ठोकला. सुरेखा पीठ मळता मळता आली, बघितलं, आणि पिठाच्या हातानं तोंड दाबून हसायला लागली. मग रडली. मग परत हसली. दत्ता बाहेर निघून गेला. पण जेवताना त्यानं पाठ फिरवली नाही. दोनदा वर बघितलं, ते मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो, फोनची वायर काढली आणि घरात हिंडायला लागलो. कुणाला उभं राहा म्हटलं नाही. सुरेखाचा काढला, चुलीपुढं, फुंकर घालताना गाल फुगलेले. मग मोरीकडे गेलो. दत्ता लुंगीवर, उघडाबंब, दात घासत उकिडवा बसलेला. हनुवटीपर्यंत फेस, डोक्यावर केसांचा तुरा. बटणाचा आवाज ऐकून वळला.

"आबा! ह्यो काय फोटू काढायचा टाईम हाय? पुसून टाका आधी!"

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. "लागंल कवातरी."